दहा मीटर सपाट जागा : पॅरा नेमबाजांसोबत खानदेशात

पौष महिन्यात लग्ने लागत नाहीत, त्यामुळे खानदेशातील मंगल कार्यालये रिकामी पडलेली असतात आणि मालक भाड्याच्या बाबतीत नरमाईने बोलतात, हे आमच्या दौऱ्याच्या आखणीमागचे पहिले कारण होते. दुसरे कारण हवामानाचे. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, आणि मणक्याला वरच्या बाजूस इजा झालेल्या माणसाला इजेखालच्या भागात घामच नीट येत नाही. शरीर तापले की ते थंड करण्याची नैसर्गिक सोय बंद पडलेली असते. अशा माणसाला नेमबाजीचे जाड, ताठ जॅकेट घालून तास-सव्वा तास बसवणे तिथल्या उन्हाळ्यात धोक्याचे ठरते. म्हणून जानेवारी.

मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवत असे आणि निवृत्तीनंतर नेमबाजीच्या स्पर्धांत पंच म्हणून काम करते. सोबत दोन नेमबाज होते. त्यांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार देत नाही. एक नाशिकमधील बँकेत काम करणारी, कमरेखाली संवेदना नसलेली आणि चाकाच्या खुर्चीवरून एअर रायफल मारणारी. तिला सगळेच ताई म्हणतात. दुसरा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. विहिरीत सूर मारताना त्याच्या मानेला इजा झाली आणि त्याच्या दोन्ही हातांत रायफल पेलण्याइतकी ताकद राहिली नाही. त्याच्यासोबत लोडर म्हणून, म्हणजे रायफल भरून देणारी, त्याची आई, आमच्या काकू. रेल्वेतून निवृत्त झालेले, पोलिओने एक पाय अधू झालेले आणि पिस्तूल मारणारे भुसावळचे काका आम्हाला जळगावला मिळणार होते. या दौऱ्याची कल्पना त्यांचीच. स्पर्धा वगैरे काही नव्हती. तीन गावांत तात्पुरती रेंज उभारायची, अपंग खेळाडूंची नेमबाजी कशी चालते ते दाखवायचे आणि ज्यांना रायफल हातात घेऊन पाहायची असेल त्यांना ती घेऊ द्यायची, एवढाच बेत होता.

गुरुवार : जळगाव

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे एवढेच की मधल्या एका स्थानकावर लिफ्ट बंद होती आणि ताईला खुर्चीसकट जिन्यावरून न्यावे लागले. चार हमाल धावत आले, त्यांची माया खरी होती, परंतु खुर्ची कुठे धरायची हे न विचारताच त्यांनी ती उचलली आणि हातात आले ते पाय ठेवण्याचे फोल्डिंग पान. ते निखळले. ताईने शांतपणे त्यांना थांबवले, मागचे दांडे आणि पुढची चौकट दाखवली, आणि मग वरात निघाली. खुर्चीवरच्या माणसाला मदत करायची असेल तर आधी ‘कुठे धरू?’ असे विचारावे; माणूस सांगतो.

जळगावला उतरलो तेव्हा थंडी चांगलीच बोचरी होती. केळीने भरलेले ट्रक रस्त्याच्या कडेला ताडपत्री आवळत उभे होते. मुक्कामाच्या लॉजबद्दल एक सूचना जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. फोनवर ‘व्हीलचेअर चालेल का?’ असे विचारले की सर्वत्र ‘हो’ असेच उत्तर मिळते, कारण मालकाच्या डोळ्यांसमोर मुख्य दरवाजा असतो. विचारायचे ते न्हाणीघराच्या दाराचे माप, आणि तेही इंचांत. आमच्या ताईची खुर्ची सव्वीस इंची आहे. चोवीस इंचांच्या दारासमोर सगळे आदरातिथ्य संपते. आम्ही मोजपट्टीचा फोटो मागवला होता, त्यामुळे अडचण आली नाही.

शुक्रवार : रिकामे मंगल कार्यालय आणि आसोद्याचे भरीत

सकाळी आठला कार्यालय उघडले तेव्हा व्यासपीठावर मागच्या लग्नातील थर्माकोलचे एक मोरपीस तसेच होते. काकांनी टार्गेटच्या मागे लावायला जाड लोखंडी पत्रा आणि प्लायवूड भुसावळहून आणले होते. टार्गेटची रेषा व्यासपीठाच्या बाजूला, मारण्याची रेषा दाराकडे, मध्ये दहा मीटर, आणि बाजूची सर्व दारे आतून कडी लावून बंद; ही शेवटची गोष्ट मी स्वतः दोनदा तपासते, कारण लग्नाच्या हॉलमध्ये कुठल्या ना कुठल्या दाराने आचारी आत येतोच.

टार्गेट पाहून जमलेल्या लोकांत पहिली कुजबुज झाली. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटचा एकूण व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटर, आणि त्याच्या मध्यभागी दहा गुणांची खूण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पेन्सिल टेकवून उचलावी तेवढा. पेलेट, म्हणजे एअर रायफलीचा छर्रा, साडेचार मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून तो ठिपक्याला स्पर्श करू शकतो. पण नेम चुकायला वाव किती थोडा आहे हे कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाही. दशांशात गुण मोजतात आणि एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. साठ शॉट, कमाल गुण ६५४. पिस्तुलाचा दहाचा गोल त्यामानाने मोठा, साडेअकरा मिलिमीटरचा, पण पिस्तूल एका हातात आणि हात पूर्ण लांबवून धरायचे असते.

ताई मारायला बसली आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिच्या लक्षात आले की खुर्ची सरकते आहे. मंगल कार्यालयाची फरशी धुताना पाणी मोरीकडे जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. चालणाऱ्याला तो कधी जाणवत नाही. परंतु खुर्चीवरचा नेमबाज डोळे मिटतो, श्वास सोडतो, डोळे उघडतो आणि पाहतो की साइट, म्हणजे रायफलीवरची नेम धरायची खूण, मघाच्याच जागी आहे की नाही. नसेल तर हाताने रायफल ओढून आणायची नसते, संपूर्ण खुर्ची फिरवायची असते. उतार असेल तर दर चार-पाच शॉटांनी हे करावे लागते आणि पंचाहत्तर मिनिटांच्या वेळेतील मोठा भाग त्यातच जातो. आम्ही डाव्या चाकाखाली प्लायवूडची पट्टी सरकवली. चाकातील हवा कमी असेल तर खुर्ची सूक्ष्मपणे डोलते, म्हणून ती हवाही भरून घेतली. त्यानंतर जे घडले ते पाहायला समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पन्नासेक माणसे श्वास रोखून बसली होती, आणि लग्नाच्या त्या हॉलमध्ये एवढी शांतता बहुधा मुहूर्ताच्या मिनिटालाही नसते.

तिचा प्रकार महिलांची दहा मीटर एअर रायफल स्टँडिंग, वर्ग एसएच-१, म्हणजे शस्त्राचे वजन स्वतःच्या हातांनी पेलू शकणाऱ्यांचा. स्पर्धांच्या यादीत आर-२. बसून मारला तरी हा ‘स्टँडिंग’ प्रकारच असतो, कारण कोपराला कशाचाही टेकू घेता येत नाही. ‘प्रोन’ प्रकारात खुर्चीला जोडलेल्या टेबलावर दोन्ही कोपरे टेकता येतात. पाठीच्या स्नायूंवर किती ताबा आहे हे वर्गीकरणात तपासतात आणि त्यावरून खुर्चीची पाठ किती उंच ठेवायची हे ठरते, म्हणजे जिचे धड स्थिर राहत नाही तिला पाठ मिळते आणि जिचे राहते तिला ती मिळत नाही. याच आर-२ मध्ये जयपूरच्या अवनी लेखराने २०२१ साली टोकियोत २४९.६ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने २४९.७ गुणांसह पुन्हा सुवर्ण घेतले, आणि त्याच अंतिम फेरीत मोना अगरवालला कांस्य मिळाले. ही अंतिम फेरी चोवीस शॉटांची असते आणि दहा शॉट झाल्यावर दर दोन शॉटांनी एक जण बाहेर पडत जातो. आम्ही तशीच एक फेरी हॉलमध्ये घेतली, ताई विरुद्ध जळगावचे तीन धडधाकट हौशी रायफलवाले. निकाल लिहीत नाही, कारण त्यांतील एकाने मला तशी विनंती केली आहे.

नंतरच्या प्रश्नोत्तरांत एका आईने थेट विचारले, ‘मॅडम, यातून नोकरी लागते का?’ काही लोक हसले. मला तो प्रश्न अतिशय योग्य वाटला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत, आणि महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण वेगळे आहे. परंतु त्यासाठी अधिकृत स्पर्धेतील कामगिरी लागते, आणि अधिकृत स्पर्धेसाठी आधी वर्गीकरण लागते. इथे पुष्कळ पालकांची गल्लत होते. चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे सरकारी ओळखपत्र, असले म्हणजे खेळातील वर्ग आपोआप मिळत नाही. खेळाचे निकष वेगळे असतात आणि तज्ज्ञांचे पथक प्रत्यक्ष तपासणी करून वर्ग ठरवते. जाताना जुने एमआरआय, शस्त्रक्रियेची कागदपत्रे, निदानाचा स्पष्ट उल्लेख असलेले डॉक्टरांचे पत्र, सगळे एका फाइलमध्ये लावून न्यावे. ‘घरी कुठेतरी आहे’ या उत्तराने अनेकांचे वर्ष वाया गेलेले मी पाहिले आहे.

संध्याकाळी काकांच्या नात्यातल्या शेतावर आसोद्याला गेलो. बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून आसोदे सर्वांना माहीत असते. आम्हाला त्या दिवशी वांग्यांशी कर्तव्य होते. भरताची वांगी पांढरट हिरवी, हाताच्या पंजाएवढी आणि बी कमी असलेली. ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात थेट भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात हिरवी मिरची आणि लसणाबरोबर कुटतात, आणि वर कांद्याची पात, शेंगदाणे व तेलाची फोडणी पडते. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची. ताईची खुर्ची काळ्या मातीत रुतली तेव्हा यजमानांच्या धाकट्या मुलाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फळ्या काढून वाटेवर अंथरल्या आणि ती पुढे गेली की मागच्या फळ्या उचलून पुढे टाकत राहिला. त्याला हे कुणी सांगितले नव्हते.

जेवताना काकांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या पिढीचे बहुतेक पॅरा नेमबाज पोलिओचे. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आता नव्याने येणारी मुले दुसऱ्या कारणांची असतात : मोटरसायकलचा अपघात, ट्रॅक्टर उलटणे, विहीर, निंबावरून पडणे. ‘आम्ही लहानपणापासून असेच, आम्हाला दुसरे शरीर माहीतच नव्हते,’ ते म्हणाले, ‘या पोरांना पहिले शरीर आठवते. त्यांना शिकवताना हे ध्यानात ठेवावे लागते.’ विद्यार्थी समोरच बसला होता. त्याने मान हलवली आणि आणखी भरीत मागितले.

शनिवार : अमळनेर

अमळनेरला एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात ज्या गावात मुलांना शिकवले त्या गावातील शिक्षक आपल्याकडे कार्यक्रम म्हटल्यावर जरा जास्तच तयारी करतात, असा माझा समज झाला. रांगोळी इतकी मोठी काढली होती की खुर्ची कुठून न्यावी हा प्रश्न पडला. मुख्याध्यापकांनी स्वतः पायाने एक वाट पुसून दिली.

हा दिवस विद्यार्थ्याचा होता. त्याचा वर्ग एसएच-२. या वर्गातील खेळाडूला रायफलीचे वजन हाताने पेलता येत नाही, म्हणून ती स्प्रिंग बसवलेल्या स्टँडवर टेकवतात. पाहणाऱ्याला वाटते, स्टँड आहे म्हणजे रायफल एका जागी खिळलेली असणार आणि याला फक्त ट्रिगर दाबायचा आहे. तसे नसते. स्प्रिंग सतत हलती असते, श्वासाबरोबर रायफल वरखाली होते आणि हाताच्या किंचित थरथरीला ती लगेच उत्तर देते. कुणाला किती ताकदीची स्प्रिंग द्यायची हेसुद्धा वर्गीकरणातच ठरते, जेणेकरून कुणालाही गरजेपेक्षा जास्त मदत मिळू नये. पॅरिसला गेलेला कर्नाटकचा श्रीहर्ष देवरड्डी याच वर्गातला. सभागृहातील एका तगड्या क्रीडाशिक्षकांनी ‘हे तर सोपे आहे’ असे मोठ्याने म्हटले, तेव्हा आम्ही त्यांना बसवले. दहा शॉटांनंतर ते उठले, कागद जवळून पाहिला, आणि दिवसभर विद्यार्थ्याशेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. शेवटी शेवटी ते त्याला प्रश्न विचारत होते आणि वहीत लिहून घेत होते, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितले पाहिजे.

काकूंचे काम प्रत्येक शॉटनंतर पेलेट भरण्याचे. एरवी त्या बोलक्या आहेत. अमळनेरला पोहोचल्यापासून अर्ध्या तासात त्यांनी तीन घरांची नातीगोती जुळवली होती आणि ‘तुम्ही कोठेन उनात?’ (कुठून आलात?) या प्रश्नाला अहिराणीतच उत्तरे देणे सुरू केले होते, कारण त्यांचे आजोळ पारोळ्याचे. रायफलीशेजारी मात्र त्या एक शब्द बोलत नाहीत. लोडरने भरायचे असते, शिकवायचे नसते, असा दंडक आहे. मुलाचा नेम डावीकडे चालला आहे हे समोर दिसत असताना आईने साठ शॉट गप्प राहायचे, ही कसरत मला नेमबाजाच्या कसरतीपेक्षा कमी वाटत नाही. जेवणानंतर गावातील एका आजींनी त्यांचा हात हातात घेऊन म्हटले, ‘माय, तुना पोऱ्या गंज (खूप) हुशार शे.’ त्यावर काकूंनी, पहिल्या पंधरा शॉटांत त्याने घाई केली, असे निर्विकारपणे सांगितले.

दुपारी हवेचा पंप हा अनपेक्षित करमणुकीचा विषय झाला. स्पर्धेच्या एअर रायफलीत दाबलेल्या हवेचा छोटा सिलिंडर असतो आणि तो दोनशे बार दाबापर्यंत भरावा लागतो. मोठ्या शहरांत रेंजवर भरण्याची सोय असते. इथे आमच्याजवळ उभा हातपंप होता. सुरुवातीला सायकलच्या पंपासारखा हलका जातो, आणि शंभर बारच्या पुढे दांड्यावर लोंबकळावे लागते. नववीच्या मुलांनी रांग लावली. प्रत्येकाला वीस झटके, त्यानंतर पुढचा. एका मुलीने मुलांपेक्षा जास्त झटके मारले आणि मग हक्काने म्हणाली, ‘आते माले बी मारू द्या.’ तिला मारू दिले. पंपाबद्दल सूचना एवढीच की दर काही मिनिटांनी थांबून तो थंड होऊ द्यावा आणि आत साठलेले पाणी सोडावे, नाहीतर ओल रायफलीत जाते.

जेवण एका शिक्षिकेच्या घरी होते. खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मातीच्या उलट्या खापरावर हाताने पसरवलेली, ताटाबाहेर जाणारी, चार घड्या करून वाढलेली. वर तुपाची धार, आणि बाजूला एवढा तिखट रस्सा की विद्यार्थ्याने पाणी मागितले. पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. मणक्याच्या इजेमुळे लघवीवरचा ताबा गेलेले नेमबाज सामन्याच्या आधी पाणी कमी पितात, कारण मध्ये उठून जाता येत नाही. आयोजक म्हणून आपण दोन गोष्टी कराव्यात : रेषेपासून जवळ, रुंद दाराचे आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह राखून ठेवावे, आणि सामन्यानंतर लगेच भाषणे लावू नयेत. एकाच जागी बसून राहिल्याने कातडीवर दाब येऊन जखमा होतात, म्हणून ताई मध्ये मध्ये दोन्ही हातांवर शरीर उचलून धरते. हार घालायला आलेल्या पाहुण्यांना त्या वेळी ती उठून उभी राहत आहे असा गैरसमज झाला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई हसू दाबत तशीच राहिली.

रविवार : नंदुरबार

अमळनेरहून सुरतेकडे जाणारी गाडी धरली. बेटावद, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा. प्रत्येक स्थानकावर बोलीचा सूर थोडा बदलतो आणि नंदुरबारच्या फलाटावर गुजराती कानावर पडू लागते. काका खिडकीशी बसून रुबिना फ्रान्सिसबद्दल बोलत होते. जबलपूरची ही पिस्तूलवाली पॅरिसला दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक जिंकून आली तेव्हा ‘आपल्याच मार्गावरची पोरगी’ म्हणून त्यांनी भुसावळात पेढे वाटले होते. भुसावळ-इटारसी-जबलपूर हा मार्ग नोकरीत त्यांनी किती वेळा पाहिला असेल, त्यामुळे हा आपलेपणा मला रास्तच वाटला. काका स्वतः एक पाय कॅलिपरमध्ये घालून उभ्यानेच मारतात. खुर्ची वापरायची मुभा असूनही ते ती वापरत नाहीत, आणि याबद्दल ताईचे त्यांच्याशी नेहमी भांडण होते. तिच्या मते तो हट्ट आहे आणि त्यांच्या शेवटच्या वीस शॉटांत पायाचा थकवा कागदावर दिसतो. मी कागद पाहिले आहेत. ताईचे म्हणणे बरोबर आहे.

महाराष्ट्राचा विषयही निघाला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे, आणि पॅरा नेमबाजीत टोकियोला पदकापासून एकच स्थान दूर, चौथा राहिलेला स्वरूप उन्हाळकर, हे सगळे कोल्हापूरकडचे. तिकडे एक नेमबाज घडला की त्याच्याभोवती रेंज, मार्गदर्शक, जुनी रायफल विकत घेणारे धाकटे खेळाडू असे सगळे हळूहळू जमत जाते. खानदेशातील अपंग मुलाला पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलापर्यंत जायचे तर सोबत एक माणूस, दोन रात्री, आणि न्हाणीघराचे दार मोजून मिळालेली खोली लागते. एवढे करून तो वर्षातून एकदा जाईल. आठवड्यातून चारदा सराव त्याला घराजवळच मिळाला पाहिजे. गुणवत्तेची वानवा या भागात मला कुठेच दिसली नाही.

नंदुरबारला गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये सोय केली होती. हॉल सपाट होता, फरशीला उतार नव्हता, दार रुंद होते, दिवेही असे की टार्गेटवर आवश्यक तो पंधराशे लक्सचा उजेड दोन जादा फोकस लावून सहज मिळाला. सगळे इतके मनाजोगते पाहून मला शंका यायला हवी होती असे काका नंतर म्हणाले. साडेदहाला वारा फिरला आणि पहिली शिंक आली. हॉलच्या पलीकडे मिरचीची पथारी होती. नंदुरबारची लाल मिरची हिवाळ्यात अशा मोकळ्या माळावर वाळत घालतात. एकरच्या एकर लाल होऊन जाते, बायका तोंडाला फडके बांधून देठ खुडत बसलेल्या असतात, आणि वाऱ्याबरोबर तिखट धूळ निघते. डोळे चुरचुरू लागले. ताईच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहू लागले आणि साइटमधले वर्तुळ विरघळून गेले. विद्यार्थ्याला तर हाताने डोळे पुसताही येत नाहीत. काकू एका हाताने पेलेट भरत आणि दुसऱ्या हातातल्या रुमालाने त्याचे डोळे टिपत. मिरची भरल्या बोटांनी डोळ्याला हात लावू नका, असे पथारीवरच्या एका मावशींनी येऊन बजावले आणि ओल्या गोणपाटाचे पडदे वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्यांना लावायला सांगितले. पडदे लावल्यावर अर्ध्या तासात हवा निवळली. त्याच मावशी नंतर मागच्या रांगेत बसून पूर्ण कार्यक्रम पाहत होत्या.

संध्याकाळी पथारीवर गेलो. मावळत्या उन्हात तो रंग पाहण्यासारखा असतो, पण खुर्चीला तिथली मऊ माती चालत नाही; कडेच्या पक्क्या रस्त्यावरूनच पाहावे, आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी जाऊच नये. रात्री शेवभाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सामना असलेल्या कुणी ती खाऊ नये, असे माझे पंच म्हणून मत आहे.

सोमवार : नंदुरबार आणि परत

सकाळी काही मुले पुन्हा आली. त्यांत एक ऐकू न येणारा मुलगा होता. आदल्या दिवशी त्याने काकांचे पिस्तूल हातात घेतले तेव्हाच त्याच्या मनगटाची स्थिरता नजरेत भरली होती. त्याच्या वडिलांना वाटत होते की तो ताईसारखा पॅरालिम्पिकला जाईल. कर्णबधिरांना पॅरालिम्पिकच्या नेमबाजीत प्रवेश नसतो, हे सांगताना त्यांचा चेहरा पडला. परंतु त्यांच्यासाठी डेफलिम्पिक ही स्वतंत्र स्पर्धा आहे आणि २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या डेफलिम्पिकमध्ये हैदराबादच्या धनुष श्रीकांतने सुवर्ण जिंकले, त्याच्या जोडीने आपल्या पुण्याच्या प्रियेशा देशमुखने मिश्र सांघिक सुवर्ण मिळवले, हे मी कागदावर लिहून दिल्यावर त्यांनी तो कागद मुलाला वाचायला दिला. मुलाने तो घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा पिस्तुलाकडे बोट दाखवले. एका दृष्टिहीन मुलीनेही चौकशी केली. दृष्टिबाधितांची नेमबाजी आवाजावर चालते, नेम मध्याकडे सरकतो तसा हेडफोनमधील स्वर चढत जातो. परंतु ती यंत्रणा आमच्याकडे नव्हती आणि हा प्रकार पॅरालिम्पिकमध्ये अजून नाही. तिला नुसते वर्णन ऐकवून परत पाठवावे लागले, ते मला आवडले नाही.

निघण्यापूर्वी एक तरुण शिक्षक भेटायला आले. त्यांच्या निवासी शाळेत पायाने अधू अशी चार-पाच मुले आहेत आणि एक लांब व्हरांडा आहे. सुरुवात कशाने करू, असे त्यांनी विचारले. मी सांगितले ते इतरांच्याही उपयोगाचे आहे. परदेशी स्पर्धा रायफल काही लाखांची असते, तिच्यामागे लागू नका. भारतीय बनावटीची एक एअर रायफल, कागदी टार्गेट आणि पेलेटचे डबे एवढ्यावर पहिले वर्ष निघते. साडेचार मिलिमीटरची आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, तरी खरेदीचे बिल जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला पत्र देऊन ठेवा. टार्गेटचा मध्य जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंच हवा. मागे विटांची भिंत आणि पुढे लोखंडी पेटी हवी. खुर्चीखाली जाईल असे, उंची कमीजास्त करता येणारे टेबल गावातील सुताराकडून करून घ्या. रायफल कुलपात आणि पेलेट दुसऱ्या कुलपात. व्हरांडा पश्चिमेकडे उघडा असेल तर दुपारनंतर ऊन आडवे येऊन डोळ्यांवर पडते, म्हणून सराव सकाळी ठेवा.

दुपारी गाडी करून साक्री-सटाण्यामार्गे नाशिकला निघालो. पिंपळनेरच्या पुढे चहाला थांबलो असताना त्या शिक्षकांनी व्हरांड्याचा फोटो पाठवला. मोजपट्टी अंथरली होती. लांबी दहा मीटर आणि वर दीड वीत. नवव्या मीटरवर भिंतीतून पिण्याच्या पाण्याचा नळ बाहेर आला आहे. नळ हलवायचा की टार्गेटची रेषा तिरकी घ्यायची, यावर ताई आणि काकू यांच्यात नाशिक येईपर्यंत एकमत झाले नाही. काका पुढच्या आठवड्यात प्लायवूडचे उरलेले तुकडे घेऊन पुन्हा नंदुरबारला जाणार आहेत. निर्णय तेच देतील.